शब्द हवा: केमोचं औषध शिरेबाहेर जाणं

ओवी: रुग्णांसाठीच्या पत्रकाचं मराठी करतेय. डॉक्सोरुबिसिनसारखं औषध शिरेतून निसटून आजूबाजूच्या मांसात गेलं, तर पुढच्या काही दिवसांत, कधी आठवड्यांनी, कातडी जळून जखम चरत जाते. डॉक्टर ‘एक्स्ट्राव्हॅझेशन’ म्हणतात. मी ‘गळती’ लिहिलंय, पण नळ डोळ्यांसमोर येतो. आणि जखमेवर लाल प्रकाश देतात, त्याला ‘किरणोपचार’ चालेल?

सिस्टरताई: वॉर्डात आम्ही ‘सलाईन बाहेर गेलं’ म्हणतो. पेशंटला लगेच कळतं.

जुनी वही: गळती आतून बाहेर, पाझरही बाहेरच. इथे औषध शरीरातच राहतं, म्हणून ‘मुरणं’ जवळचं. पण मुरतं ते लोणचं, त्यामुळे शब्दाला चांगुलपणाचा वास आहे. ‘औषध शिरेबाहेर झिरपलं’ बरं. आणि ‘व्रण’ टाळा. संस्कृतात ती जखम, मराठीत मात्र जखम भरल्यावर उरणारी खूण.

सिस्टरताई: ‘किरणोपचार’ अजिबात नको! माझ्या एका पेशंटच्या मुलाने तेवढाच शब्द वाचून घाबरून विचारलं, “आता रेडिएशनपण?” ‘शेक’ही नको. शेक म्हटलं की लोक घरी गरम पिशवी ठेवतात. डॉक्सोरुबिसिन बाहेर गेलं तर थंड पट्टी लागते, गरम नाही. व्हिंक्रिस्टिन या दुसऱ्या केमो-औषधाला उलट, गरम.

जुनी वही: व्हिंक्रिस्टिन म्हणजे आपल्या अंगणातल्या सदाफुलीतून मिळालेलं औषध. असो, विषयांतर. या प्रकाशात चटका नसतोच. 1967 मध्ये बुडापेस्टला एन्द्रे मेस्टर यांनी उंदरांची केस काढलेली कातडी रुबी लेसरच्या मंद झोताखाली धरली, तर केस लवकर उगवले. तिथून हे सुरू झालं. लाल प्रकाश पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागांत, शोषला जातो, असं मानतात. म्हणून ‘मंद प्रकाशोपचार’.

ओवी: ‘उपयोग होतो’ असं ठाम लिहू का?

सिस्टरताई: नको. केमोने तोंड येतं त्यावर याचे अभ्यास बरेच आहेत, या जखमांवर मोजक्याच रुग्णांचे अनुभव. ‘काही ठिकाणी वापरतात’ लिहा. आणि वर ठळक अक्षरात: सुईपाशी आग, दुखणं किंवा सूज जाणवली की लगेच हाक मारा.

ओवी: मग असं: ‘औषध शिरेबाहेर झिरपून झालेल्या जखमेवर काही ठिकाणी मंद लाल प्रकाशाचा उपचार करतात. हे रेडिएशन नाही, शेकही नाही.’ सोपं म्हणून ‘लाल दिवा’ करू का?

जुनी वही: नको, पूर्वीची मंत्र्याची गाडी डोळ्यांसमोर येईल.