पोर्तुगालचा २०१७ मधील विजय आणि सहानुभूतीची मते

पोर्तुगालचा गायक साल्वादोर सोब्राल याला २०१७ च्या युरोव्हिजनमध्ये (देशादेशांमधील वार्षिक गीतस्पर्धेत) मिळालेली मते त्याच्या हृदयविकाराबद्दलच्या सहानुभूतीची होती, हे काहींचे मत मला पटत नाही. त्याचे आजारपण सर्वांना ठाऊक होते, हे खरे. स्पर्धा जिथे झाली त्या कीव्हमधील सुरुवातीच्या तालमींना तर त्याच्या जागी बहीण लुईझा उभी राहिली होती. परंतु त्या वर्षी परीक्षकांचे आणि प्रेक्षकांचे गुण वेगवेगळे जाहीर झाले होते आणि दोन्हींकडे पोर्तुगालच पहिला होता: परीक्षकांचे ३८२, प्रेक्षकांचे ३७६, एकूण ७५८. केवळ कणव हे कारण असते, तर या दोन आकड्यांत फक्त सहाचे अंतर राहिले असते, असे मला वाटत नाही.

१९६४ पासून स्पर्धेत उतरणाऱ्या या देशाला तोवर एकदाही विजेतेपद मिळाले नव्हते. लुईझाने लिहिलेले व संगीतबद्ध केलेले ‘आमार पेलुश दोइश’ हे संपूर्ण पोर्तुगीज भाषेतले, पियानो आणि तंतुवाद्यांच्या साथीचे संथ गाणे. नर्तक नाहीत, आतषबाजी नाही. मुख्य रंगमंच सोडून प्रेक्षकांच्या मधोमध असलेल्या लहानशा चौथऱ्यावर, मापाने मोठ्या वाटणाऱ्या काळ्या कोटात उभा राहून तो गायला. (हातांच्या त्या विचित्र हालचाली मलाही प्रथम खटकल्या होत्या.) आपल्याकडे मैफलीत गायक आवाज खाली आणतो तेव्हा सभागृह आपोआप शांत होते, तसेच काहीसे तिथे घडले. निकालानंतर ते गाणे पुन्हा म्हणताना मात्र तो एकटा नव्हता. लुईझाही सोबत गायली.