के-पॉपच्या नावाने बोटं मोडण्याआधी...

हानगुलवाली: ‘के-पॉपने परदेशातल्या कोरियन अभ्यासाची वाट लावली, जोसन काळ (कोरियातली जुनी राजवट) वाचणारं कोणी उरलं नाही’ हा दप्तरदारांचा लेख वाचून रात्रभर डोकं तापलंय. अहो, आधीचे लोक तरी निव्वळ ज्ञानाच्या ओढीने गेले होते का? हार्वर्डचे कोरिया-अभ्यासक वॅग्नर महायुद्धानंतर अमेरिकी लष्करी प्रशासनासोबत सोलला पोचले. कमिंग्ज आणि एकर्ट हे इतिहासकार पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या स्वयंसेवक योजनेतून गेले. तेव्हा सैन्याने नि सरकारने आणलं, आता बीटीएस हा के-पॉप बँड आणतोय. माझ्या शनिवारच्या वर्गातली एक मुलगी गाण्यांचे अर्थ लावता लावता पुनर्विवाह केलेल्या बाईच्या मुलांना सरकारी परीक्षेला बसू न देणाऱ्या जोसन कायद्यापाशी आली. आता जोसन समाजाच्या अभ्यासक डॉइशलर यांचं पुस्तक वाचतेय.

दप्तरदार: कौतुक आहे. पण तो कायदा मुळातून वाचायला हानमुन, म्हणजे कोरियात वापरली जाणारी अभिजात चिनी, लागते. जोसनचं सिल्लोक, म्हणजे राजदरबाराचा इतिवृत्तांत, 1893 खंड, सगळं त्याच चिनीत. कोरियन भाषांतर नेटवर फुकट मिळतं म्हणून त्यावरच भागवणं म्हणजे मोडी न येता पेशवे दफ्तरावर बोलणं. माझ्या भाचीला जोसनच्या आधीचा गोर्यो काळ करायचा होता. युरोपातल्या एका विद्यापीठात सांगितलं, मार्गदर्शक नाही, विषय म्हणून कोरियन वेबमालिका घ्या. घेतली. घरी फोन करून रडते.

कोळंबीभात: दोघांनाही अयोध्येची राजकन्या हो ह्वांग-ओक आठवली नाही? इसवी सन 48 मध्ये समुद्रातून जाऊन कोरियातल्या गाया राज्याच्या राजाशी लग्न केलं! त्यावर किती पीएचड्या झाल्या सांगा.

दप्तरदार: ती कथा ‘सामगुक युसा’ या जुन्या कोरियन ग्रंथात आहे. इर्योन भिक्षूने तेराव्या शतकात लिहिलेली. बाराशे वर्षांनी! आणि तिथे ‘अयुता’ आहे, अयोध्या तुम्ही वाचताय.

कोळंबीभात: मग अयोध्येत 2001 मध्ये स्मारक काय उगाच उभं राहिलं?

हानगुलवाली: स्मारक म्हणजे पुरावा? उद्या माझ्या सोसायटीतही बांधते एक.

तिरपागडा: अयुता तमिळनाडूत होतं असंही म्हणणारे आहेत. कोरियनमध्येही बापाला अप्पाच म्हणतात!

दप्तरदार: आमच्या गुहागरला अर्धं गाव बापाला अप्पा म्हणतं. मग आम्ही त्या राजा-राणीचा वंश सांगणारे किम्हेचे किम का?

कोळंबीभात: आपला इतिहास म्हटला की तुम्हाला लगेच चेष्टा सुचते. 60व्या फिल्ड अॅम्ब्युलन्सचे आपले जवान कोरियन युद्धात जखमी उचलत होते, जनरल थिमय्यांनी 1953 मध्ये युद्धकैद्यांचा गुंता सोडवला. त्यावर तरी कोण लिहितंय?

हानगुलवाली: हे मात्र पटलं. राजकन्येआधी हेच बोलला असतात तर वीस प्रतिसाद वाचले असते.

तिरपागडा: वीस नाहीत, नऊ आहेत.

हानगुलवाली: मोजत बसा. दप्तरदार, भाचीचं वाचून वाईट वाटलं. पण विभागात गोर्योचा माणूस नाही हा दोष त्या पोरांच्या नाचाचा कसा? पोरांनी वर्ग भरला म्हणून कोरियन शिकवणारी नोकरी टिकली. त्याच नोकरीत एखादा हानमुनवाला घ्यायला विभागाचे हात कोणी धरलेत?

दप्तरदार: धरलेले नाहीत, पसरलेले आहेत. पैसे मिळतील त्या विषयाकडे. बरं, तुमची ती डॉइशलरवाली भाषांतर सोडून मूळ सिल्लोकाचं एक पान वाचून दाखवेल त्या दिवशी मी बीटीएसचं एक गाणं ऐकेन. एकच. तेही बसून.

कोळंबीभात: अयुताचं उत्तर अजून आलेलं नाही.