पॉझिटिव्ह राहा म्हणजे नेमकं करायचं काय?

ब्लाऊजवाली_लातूर

नमस्कार मंडळी. वय ४७, लातूरची. घरीच ब्लाऊज शिवते, बावीस वर्षं झाली. तीन वर्षांखाली स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन, केमो, शेक (रेडिएशन), सगळं पार पडलं. गेल्या दिवाळीत कंबर धरली ती सुटेना. म्हटलं मशीनवर बसून बसून झालं असंल. स्कॅन केला तर मणक्यात आणि खुब्याच्या हाडात निघालं. चौथी स्टेज. आता रोज लेट्रोझोलची गोळी, जोडीला पाल्बोसिक्लिब २१ दिवस घ्यायची आणि ७ दिवस सुट्टी, शिवाय हाडांसाठी महिन्याला एक सलाईन. डॉक्टर म्हणाले, हे मुळापासून जाणार नाही, पण आटोक्यात ठेवता येतं. किती दिवस, ते गोळी किती साथ देते त्यावर. मला ते सांगणं आवडलं. आडवळण नाही.

वैताग दुसराच आहे. जो येतो तो "पॉझिटिव्ह राहा" म्हणतो, चहा पितो आणि जातो. जाऊबाई, बचत गटातल्या बाया, दूधवालासुद्धा. नणंद रोज सकाळी मोबाईलवर फुलाचा फोटो पाठवती. मागं तपासणीला गेले तिथं (नाव नको) काउंटरवरची पोरगी भर हॉलमधे ओरडली, "ते स्टेज फोरवालं पेशंट कोण आहे?" सगळी बाकं वळून बघायला लागली. तिच्या डोक्यावर भिंतीला पाटी होती, "सदैव हसत राहा".

मी रडले की पोरगा घाबरतो, म्हणून न्हाणीत नळ सोडून रडते. पण २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं बघितलेली बाई मी, नळ वाहता ठेवून मला रडवत नाही. अर्धी बादली भरली की आपोआप थांबते.

मधे एकच दिवस खरं बरं वाटलं. गल्लीतल्या एका बाईनं पिवळं कापड आणून टाकलं. म्हणाली, "लेकीचं लग्न वैशाखात आहे, काही घाई नाही." वैशाख! आत्ता कुठं मार्गशीर्ष चालूय. तिला माझं सगळं माहीत आहे, तरी लेकीला उभं करून माप घ्यायला लावलं, बाहीला पायपिन लावायची का दोरी यावर वाद घातला. त्या रात्री झोप लागली.

तर विचारायचं असं की तुम्ही रोजचा दिवस कसा काढता? उपदेश नको, काय करता ते सांगा. आणि पंधरा दिवसांवर वेळअमावास्या आलीय, आमच्याकडचा शेतात जाऊन पूजा-जेवण करायचा सण. रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी आहेत, लागण लवकर होते म्हणे. शेतात जावं का नको?

निसर्गमित्र

ताई, हा आजार नकारात्मक विचारांमुळेच होतो. रोज पहाटे गोमूत्र आणि कडुनिंबाचा काढा घ्या, गोळ्या हळूहळू बंद करा. मन प्रसन्न ठेवा.

डेपो_परभणी

ताई, आधी वरच्या भाऊंना बोलतो मग तुमच्याशी. विचारानं कॅन्सर होत असता तर डेपोतला एक माणूस वाचला नसता. मला गुटख्यानं झाला. २८ वर्षं एसटी चालवली, रात्रीच्या गाडीवर झोप येऊ नये म्हणून पुड्या खाल्ल्या. गोळ्या बंद करा म्हणून सांगायचं काम करू नका कुणाला.

ताई, माझा गालाचा होता. खालचा जबडा एका बाजूनं काढला, वर तीस शेक. दोन वर्षांनी मानेत गाठ परत आली. पण सगळ्यात जास्त कशानं छळलं असंल तर तोंड उघडंना त्यानं. तिथल्या मॅडमनी आईस्क्रीमच्या लाकडी काड्या दिल्या. एकीवर एक रचायच्या, दातांत धरायच्या, थांबायचं, मग मधे अजून एक सारायची. पहिल्या दिवशी नऊ बसल्या. घरची मोजती आणि कॅलेंडरवर लिहिती, दुधाच्या हिशोबाच्या शेजारीच. आज सकाळी चौदा. पंधरावी सारायला गेलो की डोळ्यांतून पाणी येतंय आणि ती म्हणती, "ऱ्हाऊ द्या, उद्या." माझं पॉझिटिव्ह म्हणाल तर हे इतकंच आहे, चौदा. वाईट दिवशी बाराच बसतात, मग बारा लिहायचं. खोटं लिहायचं नाही. लॉगशीटची सवय हो.

दोन कामाच्या गोष्टी. हाडांची सलाईन चालू असताना दात काढायची वेळ आली तर आधी कॅन्सरच्या डॉक्टरला विचारा, कधी कधी जबड्याचं हाड भरून येत नाही. आणि मुंबईला जावं लागलं तर कॅन्सर पेशंटला उपचाराच्या प्रवासाला रेल्वेत स्लीपर आणि थ्री एसीचं तिकीट माफ आहे, हॉस्पिटलातून फॉर्म भरून घ्यायचा. आम्ही दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलो होतो. तिथं सगळे आपल्यासारखेच. कुणी पॉझिटिव्ह राहा म्हणत नव्हतं. "जेवलात का" विचारायचे.

भाकरी सुटली माझी. आंबील पितो, बिनतिखट. चव लागत नाही, पण वाटी तोंडाशी नेली की वास येतो.

लेक_अंबाजोगाई

मावशी, मी पेशंट नाही, माझ्या आईला होता. ती गेली. तुमचं ते न्हाणीतलं वाचून लिहायलेय.

आम्ही एक चूक केली, ती तुम्ही करू नका. आईचं हाड दुखायचं आणि आम्ही म्हणायचो, मन घट्ट कर. डॉक्टरांनी दुखण्यावर मॉर्फिनची गोळी लिहून दिली तर घरात सगळ्यांचे चेहरे उतरले. मॉर्फिन म्हणजे आता संपलं, असंच वाटलं. दीड महिना ती पुडी देव्हाऱ्याखाली पडून होती. शेवटी एका रात्री तिनंच मागितली. पोट साफ होत नाही त्यानं, त्याचं औषध सोबत चालू ठेवावं लागतं. पहिले दोन-तीन दिवस गुंगी होती. चौथ्या दिवशी माय अंगणात सूप घेऊन बसली आणि तूर निवडायला लागली, वर मला म्हणती, "तुला खडे दिसतच नाहीत, डोळे तपासून घे." किती दिवसांनी शिवी दिल्यासारखं बोलली ती! आम्ही तिला धीर द्यायलो होतो, आणि तिला पाहिजे होती गोळी.

दुखलं की सांगा. मोठ्या हॉस्पिटलात पॅलिएटिव्ह केअरचा, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करायचा, वेगळा विभाग असतो. तो फक्त शेवटच्या दिवसांसाठी नसतो, उपचार चालू असतानाही तिथं जाता येतं. आणि मावशी, पोराला एकदा रडताना दिसू द्या. मी आईला रडताना बघितलं नाही कधी, ते अजून टोचतं.

ब्लाऊजवाली_लातूर

उशीर झाला लिहायला, माफी असावी. निसर्गमित्र भाऊ, काढ्याचं डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, गोळीसोबत असलं काही घेऊ नका, लिव्हरवर येतं. विषय संपला.

वेळअमावास्येचं पण फोनवरच विचारून घेतलं. जा म्हणाले, कच्चं खायचं नाही, गर्दीत बसायचं नाही, ताप १०० च्या वर गेला तर सकाळची वाट न बघता या. रक्त तपासलं, न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींतलाच एक प्रकार) १,४००. गोळी चालू ठेवायला चालतंय म्हणे. मग गेले.

दरवर्षी आंबिलाचं बिंदगं, म्हणजे घागर, माझ्या डोक्यावर असायचं. यंदा वजन उचलायचं नाही. पोरगा एकवीस वर्षांचा, त्यानं चुंबळ करून डोक्यावर घेतलं आणि बांधावरून असा चालला की निम्मं आंबील शर्टावर. दीर हसून हसून खाली बसले. कडब्याच्या कोपीपाशी पाच दगडांचे पाच पांडव मांडले, पूजा झाली. माझ्यापुरतं आंबील वेगळं, ताजं उकळून, कांद्याची पात न घालता. पातीशिवाय आंबील म्हणजे काय सांगू, काका, तुमची फार आठवण झाली. भज्जी (शेंगा-भाज्यांची) मात्र पोटभर खाल्ली. जाऊबाई म्हणाल्या, "बघ, पॉझिटिव्ह राहिलं की कसं होतं." मी म्हटलं, "वाढ अजून एक पळी."

परतताना टेम्पोत कंबर ठणकायला लागली आणि मी पोरासमोर रडले. लेकीनं अंबाजोगाईहून सांगितलं होतं ना, म्हणून नाही, आलंच ते. तो घाबरला. मग पाण्याची बाटली उघडून हातात दिली आणि ड्रायव्हरला म्हणाला, "दादा, खड्डे बघून हाणा." दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दुखण्याचं सांगितलं. गोळी बदलून दिलीय, आता पाऊण तास मशीनवर बसता येतं. पाय मारायचं बंद केलं, मोटार बसवून घेतली.

काका, मीही भिंतीवर लिहायला लागलेय, टेलरिंगच्या खडूनं, किती शिवलं ते. काल पिवळ्याची पाठ आणि एक बाही. आज काहीच नाही, शून्य लिहिलं. पंधरावी काडी बसली का कळवा.