शब्द हवा: 'प्रतिरोधक' नेमकं कोण, जंतू की पेशंट?

मिरजमेल: इथल्या एका दवाखान्यासाठी माहितीपत्रक मराठीत करतोय. मेथिसिलिन या अँटिबायोटिकला दाद न देणारा स्टॅफ हा जंतू, कातडीतला आणि हाडातला, कुणाला जास्त होतो, हा विषय. 'औषधप्रतिरोधक संसर्ग' लिहिलं. एका आजींना वाचून दाखवलं, तर त्या खुलल्या: "म्हंजे माझी प्रतिकारशक्ती चांगली हाय की!" दुसरा घोळ 'रुग्णवैशिष्ट्ये'. मधुमेह, डायलिसिस, नुकताच दवाखान्यात काढलेला मुक्काम, पायात रॉड, आधी खाल्लेली ढीगभर अँटिबायोटिक्स. ही कसली वैशिष्ट्ये?

तासगावी: 'लक्षणे' म्हणा.

मिरजमेल: लक्षणं म्हणजे ताप, ठणका. शिवाय "ह्याची लक्षणं ठीक नाहीत" असं आई माझ्याबद्दल म्हणायची.

शुद्धलेखनी: 'प्रतिजैविकरोधी सुवर्ण-गुच्छगोलाणू'. परभाषेची लाचारी कशाला?

तासगावी: आजी घाबरूनच बऱ्या होतील. बाकी ग्रीकमध्ये 'स्टॅफिली' म्हणजे द्राक्षाचा घड. ऑग्स्टन या स्कॉटिश सर्जननं ठेवलेलं नाव. त्यात 'ऑरियस' म्हणजे सोनेरी. आमच्याकडं सरळ 'सोनाका' म्हणतील, द्राक्षाची जात!

वॉर्डातली: मी 'कोडगा जंतू' सांगते. मार खाऊन खाऊन मार लागेनासा झालेला. लगेच कळतं.

शुद्धलेखनी: चूक. तोच जंतू कोडगा होत नाही. मऊ मरतात, कोडगे उरतात आणि वाढतात. आणि मेथिसिलिन आता वापरात तरी आहे का?

वॉर्डातली: नाही, नावापुरतं उरलंय. १९५९ ला आलं, १९६१ ला इंग्लंडात त्याला न जुमानणारा जंतू सापडलासुद्धा.

तालीमवाला: पण यादीत आमची पोरं कुठायत? साखर नाही, दवाखान्याची पायरी चढलेली नाहीत. एकाला केसतूड झालं की आठवड्यात चौघांना. टॉवेल एकच.

वॉर्डातली: बरोबर. अंगाला अंग घासून धडधाकटांनाही होतो. हाडातला मात्र वेगळा. पोरांत लांब हाडाच्या टोकाशी, मोठ्यांत बऱ्याचदा मधुमेहाच्या पायाच्या जखमेतून नाहीतर उघड्या फ्रॅक्चरनंतर. म्हातारी माणसं त्याला 'हाड्याव्रण' म्हणतात.

तासगावी: केसतूड म्हणजे केस तुटून होतं ते ना?

शुद्धलेखनी: 'तुंड' म्हणजे तोंड. केसाच्या तोंडाशी येणारं, असं असावं.

तालीमवाला: आजा म्हणायचा, केस उपटला की होतं. तुंडबिंड काही नाही.

गुरांचा_डॉक्टर: काळपुळी राहिली.

वॉर्डातली: ती मोठी, बरीच तोंडं असलेली. पाठीवर, मानेवर येते. साखरवाल्यांना जास्त.

गुरांचा_डॉक्टर: आमच्याकडं काळपुळी म्हणजे फाशी, अँथ्रॅक्स. पत्रकात लिहू नका, गोठे रिकामे होतील.

वॉर्डातली: माणसांच्या पत्रकात गुरं कुठनं आली?

मिरजमेल: उद्या छपाईला जातंय. 'प्रतिरोधक' ठेवू का?

गुरांचा_डॉक्टर: काळपुळी म्हणजे फाशीच.