नवी मोटरयॉट, करारात २८ नॉट, पाण्यात २२.५. चूक कोणाची?

मांडवेकर: पन्नास फुटी नवी मोटरयॉट घेतली. गेटवे-मांडवा जाऊन-येऊन चार फेऱ्या मारल्या, पूर्ण थ्रॉटलला वेग २२.५ नॉटच्या (ताशी सागरी मैलांच्या) वर जात नाही. दोन्ही इंजिनांनी २३०० आरपीएम (मिनिटाला फेरे) गाठायला हवेत, गाठतात २१२०. बांधणारे म्हणतात, समुद्रात लाटा होत्या. मी म्हणतो, लिहून दिलेला वेग मिळत नसेल तर पैसे कापून घ्यायचे.

इंजिनवाला: पटत नाही. आरपीएम पुरे गाठत नाहीत म्हणजे इंजिनावर बोजा आहे. तो कशाचा, ते आधी शोधा. पाण्यातल्या पंख्याची (प्रोपेलरची) पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो हिशेबानं किती पुढं सरकतो, ती किती? गिअर?

मांडवेकर: ३४ इंच, गिअर २ ला १, म्हणजे इंजिनाच्या दोन फेऱ्यांना पंख्याचा एक. पिच जास्त असेल तर ते त्यांचंच पाप.

इंजिनवाला: हिशेब करू. आरपीएम गुणिले पिच, भागिले गिअर, भागिले १२१५ (इंच-मिनिटांचे नॉट करायला). स्लिप, म्हणजे पंखा पाण्यात घसरून वाया जाणारा वेग, नसती तर २१२० ला २९.७ नॉट मिळाले असते. तुम्हाला २२.५, म्हणजे स्लिप २४ टक्के. अशा बोटीला १५ च्या आसपास चालते. नुसती पिच जास्त असती तर आरपीएम पडले असते, पण स्लिप एवढी चढली नसती. इथं दोन्ही बिघडलंय. बोट जड आहे, नाहीतर पंखा घाण.

करंज्याचा तांडेल: पाण्यात किती दिवस उभी होती? आपल्या कोमट पाण्यात समुद्री जीव चिकटायला दोन महिने पुरतात. तळाला ते चिकटू नयेत म्हणून रंग असतो, पंख्याला बहुतेक जण लावत नाहीत. पात्यावर तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे टणक कण चिकटतात, हात फिरवला तर कातडी सोलून निघते. मग पंखा पाणी धरत नाही. बांधणाऱ्याला शिव्या घालण्याआधी पाणबुड्या उतरवा.

मांडवेकर: दहा आठवडे होती, पण कागदपत्रांसाठी त्यांनीच जेटीला अडकवून ठेवली होती!

आराखडेवाला: मी मांडवेकरांच्या बाजूनं. २८ नॉट कुठल्या वजनावर, हे करारात आहे का? बांधणाऱ्यांच्या चाचणीला टाक्या जवळपास रिकाम्या आणि दोन माणसं असणार. डिझेल लिटरला साधारण ८४० ग्रॅम भरतं, २००० लिटरचे झाले १.७ टन. वर पाणी, जनरेटर, एसी, डिंगी (छोटी होडी). पाण्यावर उचलून पळणाऱ्या बोटीला टनाटनाचा फरक पडतो. हे सामान त्यांनीच बसवलं असेल, तर वेगही त्याच वजनावर सांगायला हवा होता.

इंजिनवाला: हे मान्य. पण डिझेल मालकानं भरलं, त्याचा दोष त्यांच्या माथी कसा?

मांडवेकर: उद्या पाणबुड्या उतरतोय. पंखा साफ करून, टाक्या अर्ध्या ठेवून, भरतीच्या ओढीचा फरक निघावा म्हणून दोन्ही दिशांना पळवून सरासरी काढतो. तरीही २१२० लाच अडली तर मी पैसे कापणार.

इंजिनवाला: त्याच फेरीत एकदा इंजिनरूमचं झाकण उघडून पळवा. आरपीएम चढले तर इंजिनांना हवा कमी पडतेय. ती चूक मात्र सरळ बांधणाऱ्याची, तसं मी लिहून देईन.