मदत हवी आहे: आई-बाबांसोबत नारा, कोयासान आणि क्योतो पायी बघायचंय, जाणता गाइड कसा शोधावा?

नमस्कार मंडळी,

येत्या नोव्हेंबरात आई-बाबांना घेऊन जपानला जायचं ठरतंय. माहिती बरीच वाचून झाली आहे, पण काही गोष्टी तिथे जाऊन आलेल्या किंवा तिथे राहणाऱ्या माणसांनाच ठाऊक असतात, म्हणून हा धागा काढतेय.

आधी दोघांबद्दल थोडं. बाबा निवृत्त संस्कृत शिक्षक, वय ७३. आई ६८ वर्षांची, तिने आळंदी ते पंढरपूर वारी केलेली आहे. चालण्याची तिला अजिबात धास्ती नाही, पण हल्ली गुडघ्यांनी त्रास सुरू केलाय. चढ चढते, सपाटीवर आमच्या पुढे जाते, मात्र उतार आणि पायऱ्या उतरणं तिला जड जातं.

पुण्यातल्या एका टूर कंपनीचा कार्यक्रम मागवून पाहिला. त्यात क्योतोची पाच देवळं एका दिवसात, नारासाठी दुपारचे दोन तास, आणि कोयासानचं नावच नाही. जेवणाची सोय त्यांच्याकडे चोख असते, हे मान्य. पण बाबा ज्यासाठी जपानला जायचं म्हणताहेत ते त्या यादीत कुठेच बसत नाही.

त्यांना काय बघायचंय ते जरा सविस्तर सांगते, कारण गाइडचा प्रश्न त्यातूनच आलाय. नाराच्या तोदाईजी मंदिरातल्या महाबुद्धाचे डोळे इ.स. ७५२ मध्ये एका भारतीय भिक्षूने रेखले. त्याचं नाव बोधिसेन. तो ७३६ साली जपानला पोहोचला आणि ७६० मध्ये तिथेच वारला. त्याच्या कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्या लोकांनी त्या हातात धरल्या होत्या, म्हणजे डोळे उघडण्याचं पुण्य सगळ्यांना मिळावं. तो कुंचला आजही नाराच्या शोसोइन भांडारात जपलेला आहे. बाबांनी हे वाचल्यापासून घरात दुसरा विषय नाही.

दुसरं कोयासान. कूकाई हा भिक्षू ८०४ साली चीनला गेला, तिथल्या राजधानीत, चांगआनमध्ये, मंत्रयानाची दीक्षा घेतली, आणि नालंदेत शिकलेल्या प्रज्ञ नावाच्या भिक्षूकडे संस्कृत शिकला. परतल्यावर ८१६ मध्ये सम्राटाकडून त्याने हा डोंगर मागून घेतला. तिथल्या ओकुनोइन स्मशानात उंच देवदारी झाडांखाली दोन लाखांहून जास्त समाध्या आहेत, आणि त्यांत पाच भागांचे दगडी स्तूप जागोजागी दिसतात. प्रत्येक भागावर सिद्धम् या संस्कृतसाठीच्या जुन्या भारतीय लिपीतलं एक बीजाक्षर कोरलेलं: वरून खाली ख, ह, र, व, अ. आकाश, वायू, अग्नी, जल, पृथ्वी. बाबा सध्या रोज सकाळी सिद्धम् लिपीचा तक्ता समोर घेऊन बसतात, तिथे गेल्यावर आपण स्वतः वाचायचं म्हणून.

तिसरं क्योतोचं सान्जूसान्गेन्दो. कान्नोनच्या, म्हणजे अवलोकितेश्वराच्या, १००१ मूर्ती आणि त्यांच्यासमोर २८ रक्षक देवता. त्यांत बासरी वाजवणारा गरुड आहे, नारायण आहे.

आईचं मागणं वेगळं आहे. तिला झाडं हवीत. नाराच्या कासुगा देवळामागच्या डोंगरावर ८४१ सालापासून झाड तोडायला बंदी आहे, हे ऐकून तिने लगेच "तिथे एक सकाळ ठेव" असं सांगितलं. आणि कूकाईच्या आईची गोष्ट तिच्या मनात बसली आहे. कोयासानवर बायकांना प्रवेश नव्हता, ती बंदी सरकारने थेट १८७२ मध्ये उठवली. त्यामुळे मुलाला भेटायला आलेली म्हातारी आई डोंगराच्या पायथ्याशी जिसोनइन मंदिरात राहिली, आणि मुलगा महिन्यातून नऊ वेळा डोंगर उतरून तिला भेटायला यायचा, अशी परंपरेने सांगितलेली कथा. त्या गावाचं नाव कुदोयामा, ते यावरूनच पडलं म्हणतात. आईला ते देऊळ बघायचंच आहे.

आता प्रश्न. यातलं खरोखर जाणणारा, घाई न करणारा गाइड मिळतो का, आणि तो ओळखायचा कसा? आठ-दहा जणांच्या पायी फेऱ्या असतात त्यात सामील व्हावं, की तिघांसाठी वेगळा गाइड करावा? देवळातल्या मुक्कामात, म्हणजे शुकुबोत, सगळं जमिनीवर असतं असं वाचलंय, आईचं कसं होईल? देवळाबाहेर शाकाहारी जेवणाचं काय करता? आणि बाबा रोज सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात फिरायला जातात. ते उद्यान ज्या बागेवरून बेतलंय ती ओकायामाची कोराकुएन बघण्यासाठी वाकडी वाट करावी का?

---

प्रतिसाद, ओसाकाहून

तुमच्या बाबांना नमस्कार सांगा. इथे बरीच वर्षं राहतोय, पाहुणे घेऊन कोयासानला जाणं होतंच.

गाइडबद्दल: जपानमध्ये दुभाषा-गाइडची राष्ट्रीय परीक्षा असते आणि ती बऱ्यापैकी कठीण आहे. पण २०१८ पासून परवाना नसलेल्या माणसालाही पैसे घेऊन गाइडचं काम करता येतं. त्यामुळे परवाना आहे का, हे विचाराच. मात्र परवाना म्हणजे सिद्धम् येतं असं नव्हे. मी असं सुचवेन की बुकिंगच्या आधी ईमेलवर दोन नेमके प्रश्न पाठवा. 'ओकुनोइनमधल्या गोरिंतो (पाच भागांच्या) स्तूपांवरची बोंजी (सिद्धम्) अक्षरं समजावून सांगाल का?' आणि 'सान्जूसान्गेन्दोतल्या २८ देवतांची भारतीय मुळं सांगता येतील का?' उत्तर दोन ओळींचं आणि गुळमुळीत आलं तर पुढचा गाइड बघा. ज्याला विषयाची आवड आहे तो लांब लिहितो, उलट तुम्हालाच प्रश्न विचारतो.

तुमच्यासाठी वेगळाच गाइड करा. गटात सगळ्यांचा वेग सांभाळावा लागतो, आणि तुमचे बाबा प्रत्येक दगडापाशी थांबणार. नारात स्वयंसेवक गाइडही मिळतात, बहुतेक विद्यार्थी किंवा निवृत्त मंडळी. ते मानधन घेत नाहीत, त्यांचं तिकीट, प्रवासखर्च आणि जेवण आपण द्यायचं. कासुगाच्या सकाळसाठी ते उत्तम. जंगलाच्या गाभ्यात शिरता येत नाही, पण कडेने रुंद वाट आहे, आईंना हवं तिथून परत फिरता येईल.

कोयासानसाठी मात्र तिथलाच माणूस घ्या. संध्याकाळी अंधार पडल्यावर भिक्षूंसोबत ओकुनोइनची इंग्रजीतून फेरी असते, तीही करा. पण अक्षरं वाचायला दिवसाउजेडीच जायला हवं. इचिनोहाशी पुलापासून कूकाईच्या समाधीपर्यंत वाट साधारण दोन किलोमीटर आहे, दगडी आणि बरीचशी सपाट. समाधीआधीच्या शेवटच्या पुलापलीकडे फोटो काढत नाहीत, टोपी काढून जातात. सान्जूसान्गेन्दोतही आत फोटो चालत नाहीत.

जिसोनइनला कुदोयामा स्टेशनवरून चालत जाता येतं. कोयासानला जाणारी नानकाई रेल्वे तिथूनच जाते, तेव्हा जातानाच उतरा. तिथून वर जाणारी जुनी वाट वीस किलोमीटरच्या आसपास आहे. तिच्यावर दर साधारण १०९ मीटरला एक दगडी खूण आहे, वरच्या गारान या मुख्य मंदिरसमूहापर्यंत १८० खुणा, सगळ्या त्याच पाच भागांच्या स्तूपाच्या आकाराच्या. पहिल्या एक-दोन बघा आणि पुढे रेल्वे, मग केबल कार.

---

प्रतिसाद, नाशिकहून

माझ्या सासूबाईंना घेऊन गेलो होतो, त्यांचेही गुडघे असेच. शुकुबोबद्दल लिहितो.

खोलीत तातामीवर, म्हणजे गवती चटयांवर, गादी घालतात, आणि जमिनीवरून उठणं हेच खरं कठीण असतं. बुकिंग करताना स्पष्ट लिहा की खाट किंवा खुर्ची हवी. काही देवळांत खाटांच्या खोल्या आहेत, पण त्या लवकर भरतात. न्हाणीघर-संडास खोलीला लागून आहे का तेही विचारा, रात्री थंड पडवीतून जाणं नको. नोव्हेंबरात वर चांगलीच थंडी असते, कोयासान समुद्रसपाटीपासून आठशे मीटरवर आहे. पहाटेच्या पूजेला बसायला स्टूल मागितलं तर देतात, संकोच करू नका. मोठी बॅग पुढच्या हॉटेलवर कुरियरने पाठवून द्या, ही सोय तिथे सगळीकडे आहे. वर फक्त रात्रीपुरती पिशवी न्या. आणि काठ्या दोन घ्या, एक नको. उताराला फरक पडतो.

देवळातलं जेवण, शोजिन र्योरी, हे तुमच्या आईंना इतकं आवडेल! मांस-मासे नाहीतच, कांदा-लसूणही नाही. तिळाचा गोमादोफू आणि कोयादोफू, म्हणजे गोठवून वाळवलेला टोफू, ही तिथली खासियत. रस्सा समुद्री शेवाळ आणि वाळवलेल्या मशरूमचा. खरी अडचण देवळाबाहेर. नूडल्स भाज्यांच्या दिसल्या तरी रश्शात कात्सुओ नावाच्या माशाचा अर्क असतो, सॉसमध्येही. 'मासे, माशाचा अर्क, मांस चालत नाही' असं जपानीत छापलेलं कार्ड जवळ ठेवा. आम्ही मेतकूट आणि दशम्या नेल्या होत्या, भात सगळीकडे मिळतो.

---

प्रतिसाद, पिंपरीहून

कोराकुएनला नक्की जा. शिन-ओसाकाहून शिंकान्सेन या बुलेट ट्रेनने ओकायामा पाऊण तासावर आहे. ओकायामाच्या सरदाराने १६८७ मध्ये बागेचं काम काढलं आणि १७०० मध्ये ते पुरं झालं. मोठी हिरवळ, मधून खेळवलेला पाट, तळं, आणि नदीपलीकडे काळा किल्ला. बहुतेक सगळं सपाट आहे, आईंना सोपं जाईल. क्योतोच्या बागांत पाय ठेवायचे सुटे दगड आणि पायऱ्या फार, त्यातली रयोआनजी त्यांना सोपी पडेल, कारण पंधरा दगडांची ती बाग ओसरीवर बसूनच बघायची असते. शेवाळाची सैहोजी मात्र आधी नोंदणी करूनच बघता येते, तीही वेळेत करा. आत वाट ओबडधोबड आहे.

---

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. ते दोन प्रश्न लिहून आज तीन गाइडना पाठवले. नाशिककरांचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला, काठ्यांना तिने लगेच होकार दिला.

ठरतंय ते असं: नारात सलग मुक्काम, मग कुदोयामा करत कोयासान, तिथे दोन रात्री, म्हणजे बाबांना ओकुनोइन दोनदा मिळेल. क्योतोत सान्जूसान्गेन्दो आणि रयोआनजी एवढंच. सैहोजी सोडली, आईचे गुडघे कोराकुएनसाठी राखायचे.

आता एक राहिलं. शोसोइनमधल्या वस्तूंचं प्रदर्शन नाराच्या राष्ट्रीय संग्रहालयात दर वर्षी ऑक्टोबरच्या शेवटापासून दोनेक आठवडे भरतं. मांडलेल्या वस्तू दर वर्षी बदलतात, त्यामुळे बोधिसेनाचा कुंचला दिसेलच असं नाही. तरी आमच्या तारखा त्याच सुमारास बसवता येतील. गर्दी फार असते म्हणतात. कुणी ज्येष्ठांना घेऊन गेलं असेल तर सकाळची वेळ बरी की संध्याकाळची, आणि आत बसायला जागा असते का, एवढं सांगाल का?