नॅस्कारच्या शर्यतीला बंदूकवाल्यांचं नाव: यात वावगं काय?

क्वीनसिटीकर
अमेरिकेत शार्लटला येऊन अकरा वर्षं झाली. हे नॅस्कारचं, म्हणजे इथल्या मोटारशर्यतींचं, माहेरघर. आमच्या गल्लीतच दोघं जण रेसिंग टीममध्ये कामाला आहेत, एक वेल्डर आणि एक टायरवाला. त्यामुळे क्रिकेटवेडा माणूसही इथे हळूहळू 'आज पोलवर (म्हणजे सुरुवातीला सगळ्यांत पुढे) कोण' असं विचारायला लागतो.

ऑगस्ट २०१७ मध्ये ऑफिसातला एक जण टेनेसीत ब्रिस्टलला रात्रीची शर्यत बघायला घेऊन गेला. जेमतेम अर्ध्या मैलाचा ट्रॅक, चहूबाजूंनी स्टेडियमसारखी उभी चढलेली आसनं. पंधरा-सोळा सेकंदांत एक फेरी संपते. कानात हेडफोन घातला तरी आवाज छातीत वाजतो, आणि शर्यत संपेपर्यंत दंडावर रबराची काळी कणी साचते. मी त्या रात्री खेळाच्या प्रेमात पडलो, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर 'तुला काय कळतं' येणारच.

पण शर्यतीचं तेव्हाचं नाव वाचा: बास प्रो शॉप्स एनआरए नाइट रेस. बास प्रो म्हणजे मासेमारी-शिकारीचं सामान विकणारी दुकानं. एनआरए म्हणजे नॅशनल रायफल असोसिएशन, बंदुकीवरच्या जवळपास प्रत्येक नव्या बंधनाला आडवी जाणारी संघटना. आणि गेटवरची सूचना काय? काचेच्या बाटल्या नकोत, शस्त्रं नकोत. नाव बंदूकवाल्यांचं, पण बंदूक गाडीतच ठेवून या!

या खेळाचा स्वतःचा इतिहास बघा. १९८७ मध्ये टालाडेगाच्या ट्रॅकवर चालक बॉबी अ‍ॅलिसनची गाडी उडून प्रेक्षकांसमोरच्या जाळीवर आदळली. पुढच्याच वर्षी टालाडेगा आणि डेटोना या वेगवान ट्रॅकवरच्या गाड्यांना इंजिनाची हवा अडवून वेग आवरणारी पट्टी सक्तीची झाली. फेब्रुवारी २००१ ला डेटोना ५०० च्या शेवटच्या फेरीत लोकांचा लाडका चालक डेल अर्नहार्ट अपघातात गेला. म्हणजे आपल्याकडे सचिन मैदानातच जावा तसं. त्याच ऑक्टोबरात मान धरून ठेवणारा पट्टा सर्वांना सक्तीचा झाला. मग भिंतींना धक्का शोषणारे अडसर आले. तेव्हापासून कप मालिकेच्या, म्हणजे नॅस्कारच्या सर्वांत वरच्या मालिकेच्या, शर्यतीत एकही चालक दगावलेला नाही. 'वेग हाच आमचा धर्म' म्हणणाऱ्या लोकांनी नियम मानले, आणि खेळ काही मेला नाही. मग याच लोकांनी 'एकही नियम नको' म्हणणाऱ्यांचं नाव कपाळावर का मिरवलं?

डॅलसवाला
दादा, लेख झकास, निष्कर्ष चुकला. माझ्याकडे दोन बंदुका आहेत. एक नेमबाजीच्या रेंजवर जायला, दुसरी रानडुकरांसाठी. टेक्सासमध्ये रानडुकरांनी शेतं किती नासवलीत ते इथे येऊन बघा.

पहिली गोष्ट, प्रायोजक प्रेक्षकांतूनच येतो. नॅस्कार बघणारा माणूस मासे मारतो, शिकार करतो, पिकअप चालवतो. त्याला बास प्रो आणि एनआरए परके वाटत नाहीत. २०१४ मध्ये टेक्सासच्या शर्यतीला बदकांना बोलवायच्या शिट्ट्या बनवणाऱ्या डक कमांडरचं नाव होतं. कोणी हसलं का? दुसरी, गाडीचं उदाहरण इथे बसत नाही. शर्यत लावणं हा कोणाचा घटनात्मक हक्क नाही. शस्त्र बाळगणं १७९१ पासून घटनेत आहे, आणि तो व्यक्तीचा हक्क आहे असं सुप्रीम कोर्टाने २००८ ला स्पष्ट सांगितलंय. पट्टा न लावणाऱ्याला नॅस्कार घरी पाठवू शकतं, कारण ट्रॅक त्यांचा आहे. माझं घर माझं आहे.

आर्याची आई
मी कनेटिकटमध्ये राहते, न्यूटाउनपासून तासाभरावर. १४ डिसेंबर २०१२ ला सँडी हूक शाळेत वीस मुलं आणि सहा मोठी माणसं गेली. चार महिनेसुद्धा झाले नव्हते, आणि १३ एप्रिल २०१३ ला टेक्सासच्या शर्यतीचं नाव होतं 'एनआरए ५००'. आमचे सिनेटर ख्रिस मर्फी यांनी फॉक्स वाहिनीच्या मालकांना ही शर्यत दाखवू नका म्हणून पत्र लिहिलं. दाखवली. त्या ट्रॅकची रीत अशी की जिंकणाऱ्याने काउबॉय टोपी घालून दोन रिव्हॉल्व्हरांतून हवेत पोकळ बार काढायचे. शर्यतीनंतर चारच दिवसांनी सिनेटमध्ये बंदूक घेणाऱ्याच्या पार्श्वभूमीची तपासणी वाढवायचं विधेयक पडलं. बाजूने ५४ मतं होती, हवी होती ६०.

डॅलसवाला भाऊ, तुमच्या डुकरांबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. आर्या पहिलीत असताना तिच्या बाईंचा निरोप आला होता: बंदूकवाला शाळेत शिरला तर लपायचं कसं, त्या सरावाच्या दिवशी दिवे लागणारे बूट घालून पाठवू नका. अंधाऱ्या वर्गात कोपऱ्यात बसल्यावर ते चमकतात. मी ते गुलाबी बूट माळ्यावर टाकले. अजून तिथेच आहेत.

पिटस्टॉप_पुणे
माहितीत भर घालतो. त्याच २०१३ च्या डेटोना ५०० ला मायकल वॉलट्रिपने २६ नंबरची गाडी सँडी हूकच्या मदतनिधीसाठी पळवली होती. म्हणजे फेब्रुवारीत श्रद्धांजली, एप्रिलमध्ये एनआरए. पैसा बोलतो, राव.

क्वीनसिटीकरांनी अर्नहार्टचं उदाहरण दिलंय, त्याच्या काळ्या ३ नंबर गाडीचा मालक रिचर्ड चिल्ड्रेस. हा माणूस पुढे एनआरएचा उपाध्यक्ष होता! ऑगस्ट २०१९ मध्ये धंद्याकडे लक्ष द्यायचंय म्हणून एनआरएच्या संचालक मंडळाचा राजीनामा दिला. त्याच सुमारास नॅस्कारने स्मरणिकेतल्या काही रायफलींच्या जाहिराती परत पाठवल्या, आणि २०२० पासून ब्रिस्टलच्या नावातून एनआरए गेलं. सिगारेटचंही असंच झालं होतं. १९७१ मध्ये टीव्हीवरच्या सिगारेट जाहिराती बंद झाल्या, तेव्हापासून २००३ पर्यंत कप मालिका विन्स्टनच्या नावावर होती. नंतर गेली. धुरळा बसला की ही नावं आपोआप गळतात, त्यासाठी एवढं रक्त आटवू नका.

चाकणचा_बैलगाडा
अमेरिकेत बसून अमेरिकन गावकऱ्याला शिकवणं सोपं आहे. आमची बैलगाडा शर्यत २०१४ ला बंद झाली तेव्हा ज्यांनी आयुष्यात बैलाचं वेसण धरलं नव्हतं ते टाळ्या वाजवत होते. आमच्यासाठी तो घरातला बैल होता, त्याला आमच्याआधी खुराक. टेनेसीच्या माणसाला त्याची रायफल आजोबांकडून आलेली असते. बाहेरच्याने 'हे काय रानटी' म्हटलं की माणूस आणखी घट्ट धरून बसतो. माझा बंदुकीला पाठिंबा नाही, पण ह्या सुराला विरोध आहे.

आर्याची आई
दादा, तुमची शर्यत डिसेंबर २०२१ ला परत सुरू झाली ती कशी? अटींवर ना? चाबूक नको, शॉक नको, परवानगी घ्या. तुम्ही बैल सोडून दिले का? इथे अटीचा 'अ' काढला की हे म्हणतात, बंदुका काढून घ्यायला आले.

चाकणचा_बैलगाडा
ताई, हे मात्र खरं. पण अटी घालताना आमच्याशी बोलायला आले होते, शिव्या द्यायला नाही.

डॅलसवाला
मी बोलायला तयार आहे, फक्त खोटं पाडून बोलू नका. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. शाळेच्या बातम्या मोठ्या, पण तुमच्या कायद्याने हे निम्मे थांबतील का?

क्वीनसिटीकर
तुम्हीच विषय काढलात म्हणून सांगतो. त्या एनआरए ५०० च्या दिवशीच ट्रॅकच्या आतल्या भागात तंबू-गाड्या घेऊन उतरलेल्या एका प्रेक्षकाने स्वतःला संपवलं, बंदुकीने. आपल्याकडे कोण्या अनोळखी माणसाच्या मरणाचं भांडवल करू नये, म्हणून मूळ लेखात लिहिलं नव्हतं. पण निम्मे मृत्यू आत्महत्यांचे आहेत, हा मला बंदुकीच्या बाजूचा मुद्दा वाटत नाही. रागाच्या किंवा निराशेच्या दहा मिनिटांत हाताशी काय आहे, यावर पुष्कळ ठरतं. तुमच्या घरी तिजोरी आहे का, एवढं सांगा.

डॅलसवाला
आहे. किल्ली माझ्याकडे, गोळ्या वेगळ्या कपाटात. पण ती मी माझ्या अकलेने घेतली, सरकारने सांगितलं म्हणून नाही. सांगितलं असतं तर कदाचित घेतली नसती, खोटं कशाला बोलू.

आर्याची आई
आर्याला कोणाकडे खेळायला पाठवताना मी विचारते. तलाव आहे का, कुत्रा आहे का, बंदूक आहे का, कुलपात आहे का. सुरुवातीला जीभ अडखळायची. आता लोकही सरळ उत्तर देतात. एकीने तर उलट मलाच विचारलं.

क्वीनसिटीकर
डॅलसवाला भाऊ, 'सांगितलं असतं तर घेतली नसती' हे तुमचं वाक्य ऐकून अर्नहार्टच आठवला. मानेचा तो पट्टा तेव्हा बाजारात मिळत होता. काही चालक लावायलाही लागले होते. त्याला तो नको होता. हेल्मेटही शेवटपर्यंत उघड्या तोंडाचंच.

डॅलसवाला
त्याला मध्ये आणू नका राव. उद्या सविस्तर लिहितो, आत्ता पोराची मॅच आहे.